घरत मॅडमचं नाक

घरत मॅडमनी मला पहिल्याच दिवशी खोलीबाहेर काढलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही सकाळी कांदाभजी खाल्लीत."

खाल्ली होती हे खरं. पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या गाडीवर, उभ्याउभ्या, नव्या नोकरीच्या आनंदात. पण त्याला दोन तास होऊन गेले होते. मी चूळ भरली होती, वर वेलदोडाही चघळला होता.

"वेलदोडा पण आलाच," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या बाकावर बसा. साडेअकराला या, तोवर माझं काम होईल."

ही गोष्ट दोन हजार दहाच्या थोडी अलीकडची-पलीकडची. पनवेलच्या बाहेर, कळंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या कंपनीची शेड होती. बागायतदारांकडून आणि व्यापाऱ्यांकडून फळं यायची. ती निवडायची, तपासायची, पेट्यांत भरायची आणि परदेशी रवाना करायची, एवढंच आमचं काम. मार्च ते जून आंबा, एरवी चिकू, पपई, केळी. माल पास की नापास, हे ठरवायच्या घरत मॅडम. माझ्याकडे यंत्रं होती. एक फळाच्या रसातली साखर मोजायचं, एक गराचा घट्टपणा मोजायचं, एक वजनकाटा. मला बाराही महिने सर्दी असते. माझं नाक चष्मा टेकवण्यापुरतंच आहे, त्यामुळे माझी यंत्रांवर नेमणूक होणं योग्यच होतं.

मॅडम ठेंगण्या, सावळ्या, चाळिशी ओलांडलेल्या. सुती साडी, त्यावर पांढरा कोट, पायात रबरी चपला. पावडर नाही, केसांना तेल नाही, कधी गजरा नाही. त्यांची सासू आम्हाला एकदा भेटली तेव्हा तिनं हीच तक्रार केली होती. "सून कमावती हाय, गुणाची हाय, पन डोकं कसं वाळल्या गवतासारखं ठेवते." मॅडमच्या तपासणीच्या खोलीत उदबत्ती लावायला बंदी होती. दसऱ्याला यंत्रांची पूजासुद्धा फुलांनी न होता नुसत्या कुंकवाने व्हायची. टेबलावर एक पातळ सुरी, पांढऱ्या बशा, कोमट पाण्याचा तांब्या आणि डबाभर कुरमुरे. एक फोड चाखली की चार कुरमुरे, एक घोट पाणी, मग दुसरी फोड. नवीन माणसाला वाटे, बाई दिवसभर खातातच आहेत. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी घरी जाऊन पहिला घास खायच्या तो मीठ-भाकरीचा. "गोड बघितलं तरी डोकं फिरतं," म्हणायच्या.

त्यांचा एक नियम होता. आलेल्या मालातली फळं मी यंत्रावर मोजायची आणि माझा कागद भरायचा. त्यांनी चाखून त्यांचा कागद भरायचा. एकमेकांचा बघायचा नाही. दोन्ही पूर्ण झाले की समोरासमोर ठेवायचे.

"तुमचा आकडा मला आधी कळला तर माझी जीभ त्याच्या मागे जाईल," त्या म्हणायच्या. "आणि तुम्हाला माझं कळलं तर तुम्ही यंत्र दोनदा लावून बघाल."

पहिल्या महिन्यात मी एका अहवालात 'चव छान' असं लिहिलं. त्यांनी लाल पेनानं ते खोडलं. "छान म्हणजे काय? लग्नातल्या जेवणाला छान म्हणतात, यजमानाचं मन राखायला. इथं कोणाचं मन राखायचंय? आधी काय आलं, मग काय आलं, गिळल्यावर काय उरलं ते लिहा." मग त्यांनी स्वतः लिहिलं : आधी गोड, मग किंचित आंबट, शेवटी पाणी. तोंडात वास राहत नाही. माझ्या यंत्रावर त्याच आंब्याची साखर भरपूर आली होती. मी तसं म्हटलं. "साखर हाय ना. आंबा नाय," त्या म्हणाल्या.

हे त्यांचं 'हाय' आणि 'नाय' आम्हा सगळ्यांना फार उपयोगी पडायचं. मॅडम खाडीकाठच्या आगरी गावातल्या. शेतीशास्त्राची पदवी घेतलेली, ऑफिसात बोलायच्या ते अगदी पुस्तकी मराठी. "हे फळ समाधानकारक आहे" असं म्हणाल्या की आम्ही ओळखायचो, मध्यम माल आहे. पण एखाद्या हापूसचा काप तोंडात गेला, डोळे मिटले आणि "आग बाय! काय हाय गो ह्यो!" असं निघालं की बाहेर निवडीच्या टेबलावरच्या बायका पहिल्या प्रतीच्या पेट्या मांडायला घ्यायच्या. कागद यायची वाट कोणी बघायचं नाही.

पेटी उघडली की मॅडम वरच्या रांगेला हातही लावत नसत. सरळ तळाशी हात घालायचा आणि कोपऱ्यातलं फळ काढायचं. "वरची फळं लग्नाला आलेली असतात. घरी कशी असतात ते खाली कळतं." एकदा त्यांच्या भावाच्या मुलीला बघायला पाहुणे आले. येताना त्यांनी आंब्याची पेटी आणली होती. पोहे झाले, चहा झाला, मुलगा काय करतो, किती शिकलाय, सगळं विचारून झालं. मॅडम मधेच उठून आत गेल्या आणि पाच मिनिटांनी हात पुसत बाहेर आल्या. पाहुणे गेल्यावर भावानं विचारलं, तुला कसे वाटले? त्या म्हणाल्या, "वर-खाली एकसारखी फळं आहेत. माणसं बरी असतील." लग्न झालं. पुढे त्या भाचीला जुळं झालं तेव्हा मॅडमनी कंपनीत पेढे न वाटता पिकलेले चिकू वाटले, तेही तपासून.

त्यांचं सगळ्यात जास्त भांडण व्हायचं ते इक्बालभाईंशी. इक्बालभाई पनवेलचेच, कोकणी मुसलमान, तीन पिढ्यांचा फळांचा धंदा. दर हंगामात त्यांच्या मालातला थोडा तरी भाग मॅडम परत पाठवायच्या. कधी आत साका निघायचा. साका म्हणजे हापूसच्या गरातला पांढरट, भुसभुशीत भाग. वरून फळ सोन्यासारखं दिसतं आणि आत हा रोग. कधी फळं कोवळी असायची. मॅडम पाण्यानं भरलेली बादली मागवायच्या आणि इक्बालभाईंच्या देखत आंबे त्यात सोडायच्या. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. "बघा, तुमची मुलं पोहायला लागली," त्या म्हणायच्या.

त्यात इक्बालभाई शुक्रवारी अत्तर लावून यायचे. मग त्यांना आत प्रवेश नसे. बाहेर कडुनिंबाखाली उभं राहून खिडकीतून भांडावं लागे.

"मॅडम, खुदा कसम, एकही आंबा कोवळा नाही."

"मग हे सात वर कसे आलेत?"

"बादलीत पाणी जास्त आहे तुमच्या."

सगळी शेड हसायची. तरी इक्बालभाई दुसऱ्या कोणाकडे माल नेत नसत. मी एकदा त्यांना कारण विचारलं. म्हणाले, "दुसरीकडे पास होतो, पण झोप लागत नाही. यांनी पास केला की विषय संपला."

आता जे सांगतो ते एका एप्रिलमधलं. मॅडमना ताप आला. आठ दिवस त्या आल्या नाहीत. आंब्याचा हंगाम भरात होता, मालक दिवसातून तीनदा फोन करायचे. नवव्या दिवशी त्या कामावर आल्या, चेहरा उतरलेला, पण कोट इस्त्रीचा. कामाला लागल्या. त्या आठवड्यात रोज त्या मला विचारायच्या, "तुमचा आकडा काय आला हो?"

हा प्रश्न त्यांनी त्याआधी मला कधीच विचारला नव्हता. मी सांगितला. खरं बोलायचं तर मला अभिमानच वाटला. इतक्या वर्षांनी माझ्या यंत्रांना किंमत आली, असं वाटलं. त्यांच्या कागदावर आणि माझ्या कागदावर आता अगदी सारखं येऊ लागलं होतं आणि त्यात मला काही खटकलं नाही.

गुरुवारी सकाळी इक्बालभाईंचा माल आला. दुपारी बारापर्यंत सगळा पास झाला. सगळा. पेट्या भरल्या, ट्रक निघाला. ऑफिसातल्या मुलीनं इक्बालभाईंना नेहमीप्रमाणे फोन करून कळवलं. अर्ध्या तासात त्यांचा टेम्पो दारात उभा राहिला. ते धावतच कडुनिंबाखाली आले. शुक्रवार नव्हता तरी अत्तर लावलेलं असावं, कारण आत आले नाहीत.

"मॅडम, माझा माल पूर्ण पास केलात?"

"केला."

"असं कधी झालंय?"

इक्बालभाईंनी खिडकीचे गज धरले. "त्यातल्या काही पेट्या दोन दिवस ताडपत्रीखाली उन्हात राहिल्या होत्या. आतून आंबल्या होत्या, वास सुटायला लागला होता. मला कुठल्या ते कळेना, सगळं एकत्र झालं होतं. म्हटलं, मॅडम काढतील वेगळ्या. तुम्ही काढणार म्हणूनच पाठवला ना मी! तुम्हाला वास आला नाही?"

सकाळी कापलेल्या फळांच्या फोडी अजून बशांत होत्या. मॅडमनी एक उचलली, नाकाशी धरली. दुसरी धरली. निवडीच्या टेबलावरची विमल दारात उभी होती. ती पटकन म्हणाली, "मॅडम, ती डाव्या हातातली आंबलीय." आणि मग आपण बोललो ते चुकलं की काय, अशा चेहऱ्यानं तिनं पदर तोंडाशी घेतला.

मॅडमनी फोड खाली ठेवली. "मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "ताप आल्यापासून. मला काहीच येत नाही."

त्या मोठ्यानं बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग लगेच मला म्हणाल्या, "ड्रायव्हरला फोन लावा."

ट्रक नशिबानं कळंबोलीला थांबला होता. ड्रायव्हर जेवत होता. त्याला तिथेच थांबायला सांगितलं आणि आम्ही तिघं इक्बालभाईंच्या टेम्पोत पुढे बसलो. विमलला मॅडमनी शेडमध्ये उरलेला माल बघायला ठेवलं. इक्बालभाई टेम्पो चालवताना निम्मे दाराबाहेर झुकले होते. मला कळेना हे असं काय चालवतायत. मॅडमच म्हणाल्या, "नीट बसा आत. आता तुमच्या अत्तरानं माझं काय बिघडणार आहे?"

मग त्या स्वतःच सांगू लागल्या. "परवा घरी गॅसवर सुकट करपली. मी शेजारी उभी. सासूबाई मागल्या दारातून ओरडत आल्या तेव्हा मला धूर दिसला. वाटलं, आज येईल वास, उद्या येईल. असं करत आठवडा काढला." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या आकड्यांवर काढला."

कळंबोलीच्या लोखंड बाजारात चोहीकडे लोखंडाच्या सळया भरलेले ट्रक, आणि त्यांच्या मधोमध आमचा आंब्याचा. पेट्या उतरवल्या, ताडपत्रीवर मांडल्या. आता अडचण अशी की वास घ्यायचा कोणी? मॅडमना येत नाही, मला जन्मात आलेला नाही, इक्बालभाईंच्या स्वतःच्या अंगालाच वास. ड्रायव्हरच्या तोंडात तंबाखू. मॅडमनी चारी बाजूंना नजर टाकली. सळया उतरवणारे चार हमाल सावलीत बसले होते.

"इधर आओ," त्यांनी हाक मारली. "तंबाखू कौन नहीं खाता?"

दोघं उठले. मॅडमनी टपरीवरून कोमट पाणी आणवलं, त्यांना हात धुवायला लावले, चुळा भरायला लावल्या. पर्समधून कुरमुऱ्यांची पुडी काढली. एक चांगली फोड आणि एक आंबलेली शेडमधून बरोबर आणली होती. दोन्ही त्यांच्या नाकाशी धरल्या. "ये अच्छा, ये खराब. फरक समझा? अब पेटी का ढक्कन खोलो, नाक अंदर, और जो लगे वो बोलो. पूछना नहीं, सोचना नहीं."

मग जे चाललं ते बघायला कळंबोलीचा अर्धा बाजार जमला. घामाघूम झालेले दोन धिप्पाड हमाल एकेका पेटीत डोकं घालत होते, वर येऊन "अच्छा", "अच्छा", "खराब" म्हणत होते. मॅडम दोघांना वेगवेगळं विचारत होत्या, पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला ऐकू जाऊ देत नव्हत्या. दोघांचं जुळलं नाही की त्या पेटीतलं तळाचं फळ कापून पुन्हा विचारायच्या. मी खडूनं खुणा करत होतो. त्यातला एक, दरभंग्याकडचा, तर पेटी उघडायच्या आधीच बोलायला लागला. "बहनजी, ये वाला नीचे से गया है." कापून बघितलं, खरंच गेलं होतं.

"घर पे आम का बाग है क्या?" मॅडमनी त्याला विचारलं. होती. त्याच्या आजोबांची. नदीच्या पुरात गेलेली.

तासाभरात सगळ्या पेट्या झाल्या. वाईट निघाल्या त्या इक्बालभाईंनी निमूट टेम्पोत चढवल्या. ट्रक वेळेत पुढे गेला. हमालांनी पैसे घ्यायला नकार दिला, म्हणून मॅडमनी त्यांना चांगल्यातले दोन-दोन आंबे दिले, पण देठाजवळ दाबून, पारखून. दरभंग्याच्या हमालानं आपल्या वाटचा एक आंबा परत केला आणि पेटीतला दुसरा उचलला. मॅडम हसल्या. तापातून उठल्यापासून त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक यायच्या आधी मॅडम त्यांच्या केबिनबाहेर बसल्या होत्या. हातात राजीनामा. मालक तापट माणूस. काचेतून आम्हाला त्यांचे हातवारे दिसत होते. बराच वेळ ते बोलत होते, मग मॅडम बोलल्या. बाहेर आल्यावर मॅडमनी कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, हंगामात राजीनामा देता, लाज वाटत नाही का? मी म्हटलं, मग मला चार नाकं द्या."

त्यांना चार नाकं मिळाली. निवडीच्या टेबलावरच्या बायकांतून त्यांनी परीक्षा घेऊन निवडली. विमल पहिली आली. आधी ती लाजत होती. "आमी काय शिकलेल्या नाय, मॅडम, आमाला काय कळतं?" असं म्हणाली, तेव्हा मॅडम कडाडल्या, "काल तुला कळलं आणि मला कळलं नाय. ह्याच्यावर आनखी काय पायजे?" त्या दिवसापासून चौघींनी चार कोपऱ्यांत तोंड करून बसायचं, चाखायचं, आपापल्या कागदावर खूण करायची. लिहिता न येणारीसाठी मॅडमनी चित्रं काढली : हसरं तोंड, सरळ तोंड, वाकडं तोंड. मॅडम स्वतः डोळ्यांनी आणि बोटांनी बघायच्या. रंग, खांद्याचा उभार, देठाजवळचा खळगा, साल सुटते कशी. "एवढी वर्षं मी नाकाच्या जिवावर आळशी झाले होते," असं त्या एकदा म्हणाल्या. मला ते पटलं नाही, पण त्यांना तसं वाटत होतं.

वास परत यायला लागला तो आधी उलटासुलटा. चहाला जळक्या रबराचा, साबणाला भाताच्या पेजेचा. त्याची त्या रोज बातमी दिल्यासारखी माहिती द्यायच्या. "आज केळ्याला रॉकेलचा येतोय." आम्ही "बरं, बरं" म्हणायचो. मग गणपतीच्या आधी एक दुपार अशी आली. सगळ्या बायका शेडच्या टोकाला जेवायला बसल्या होत्या. मॅडम तिथून चालल्या होत्या. मधेच थांबल्या.

"कोणाची लसूण करपली?"

विमलच्या हातातला घास हातातच राहिला. "माझी. सकाळी घाई झाली."

एकदम गोंधळ उडाला. "मॅडम, माझ्यात काय हाय?" "माझ्यात सांगा!" बायकांनी डब्यांवर झाकणं लावली आणि मॅडमना डोळे मिटायला लावले. त्या एकेकीपुढे वाकायच्या, झाकण किलकिलं व्हायचं. "बोंबील." बरोबर. "शेवग्याच्या शेंगा." बरोबर. "अंडं." चूक, ते फणसाच्या आठळ्यांचं कालवण निघालं, त्यावर एवढा हशा पिकला की मालक केबिनमधून बाहेर आले. त्यांना पण डबा आणायला लावला. त्यांच्या डब्यात दुधीची भाजी होती. "ह्याला वासच नाय," मॅडम म्हणाल्या, "ही नापास." मालक तसेच डबा घेऊन आत गेले आणि त्यांनी दार लावून खाल्लं.

पूर्ण पहिल्यासारखं नाक झालं का? त्या म्हणायच्या, नाही. बारीक वास सुटतात. म्हणून पुढच्या हंगामातही चौघी बायका होत्याच, आणि मॅडमचा कागद आता पाचवा असायचा. निवाडा बहुमताने व्हायचा. दोनदा तर मॅडमच्या विरुद्ध झाला आणि त्यांनी तो मान्य केला, पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा कौतुकानं.

मी त्यानंतर तीन वर्षांनी ती नोकरी सोडली, मुंबईला गेलो. फोन अधूनमधून व्हायचे, मग तेही कमी झाले. त्या कंपनीतून निवृत्त झाल्याचं विमलकडून कळलं. तपासणीची खोली आता विमलकडे आहे, हेही.

मॅडम शेवटच्या दिसल्या त्या मोऱ्याला. उरणला एका नातेवाइकाकडे बारशाला गेलो होतो, परतताना मोरा बंदरावरून लाँच पकडली. लाँच सुटायच्या बेतात होती. धक्क्यावर एक होडी नुकतीच लागली होती आणि एक कोळीण टोपली मांडून बसली होती. तिच्यासमोर उकिडव्या बसलेल्या बाईला मी पाठमोरीच ओळखलं. केसांना तेल नव्हतं. त्यांनी टोपलीत हात घातला तो थेट तळाला. एक पापलेट काढला, कल्ला उचलून बघितला, पोटावर अंगठा दाबला, नाकाशी नेला. मग दुसरा. मग तिसरा. कोळीण बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"अगो बाय, मासा हाय ह्यो! आंबा नाय!"

लाँचचं इंजिन सुरू झालं होतं. मी जीव खाऊन ओरडलो, "घरत मॅडम!" त्यांनी वळून पाहिलं. ओळखायला थोडा वेळ लागला. मग तोंडभर हसल्या आणि हात उंच करून हलवायला लागल्या. हातात पापलेट तसाच होता. तो उन्हात चकाकत मागे मागे जात राहिला, आणि कोळीण खाली बसून हात वर करकरून तो परत मागत होती.